नऊ वाजून पन्नास मिनिटांची नोंद

“हो की नाही, एवढंच सांगा मिस्त्री.”

हे मी म्हणाले होते. माझ्या हातात कागद होता, समोर जंगम मिस्त्री उभे होते आणि भोवती फौंड्रीतली दोन्ही पाळ्यांची माणसं. तीनचा भोंगा नुकताच झाला होता. पहिली पाळी सुटायची आणि दुसरी लागायची, त्या मधल्या दहा मिनिटांत मालकांनी सगळ्यांना मोल्डिंगच्या शेडमध्ये बोलावलं होतं. मालक म्हणजे आप्पासाहेब शिंत्रे. ते माझ्या शेजारी हात मागं बांधून उभे होते.

“न्हाई,” मिस्त्री म्हणाले. “मी कसलाबी पेन ड्राइव्ह लावलेला न्हाई.”

“मग हे काय आहे?” मी कागद वर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. “खंडेनवमी. सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटं. मशीन, ड्रॉइंग एक. नाव, जंगम. आपल्या यादीत नसलेला पेन ड्राइव्ह लावला, सहा मिनिटांनी काढला. हे मी म्हणत नाही, मशीन म्हणतंय.”

“त्या दिवशी मी कंप्युटरला हातच लावला न्हाई. खंडेनवमीला हत्याराला हात लावत न्हाईत.”

“कंप्युटर हत्यार आहे?”

“पोट त्येच्यावर भरतंय म्हंजे हत्यारच की. आदल्या सांजंला पुसला, हळदकुंकू लावलं. त्यानंतर दसरा झाल्यावरच हात लावला.”

मी हसले. मी मोठ्यानं हसले, म्हणून मग बाकीचेही हसले.

“चोरी करणाऱ्याला खंडेनवमी आडवी येते होय, मिस्त्री?”

चोरी हा शब्द पहिल्यांदा माझ्या तोंडून आला. आप्पासाहेब तोवर ‘घोटाळा’ म्हणत होते.

मिस्त्रींचा चेहरा काळा पडला, पण आवाज चढला नाही. “सकाळपासनं मी माझ्या पॅटर्न शॉपात हुतो. रंधा, पटाशी, करवत, सगळी मांडून पूजा करत हुतो.”

“एकटे?”

“एकटाच.”

“आणि तुमचा पासवर्ड? तो तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?”

“तुला,” ते म्हणाले. “सगळ्यांचे पासवर्ड तुझ्या वहीत हायेत.”

 मी एक पाऊल पुढं झाले. “म्हणजे मी चोर?”

“मी तसं म्हनलो न्हाई. तू इचारलंस कुणाला म्हाईत हाय. मी सांगितलं.”

“बास,” आप्पासाहेब म्हणाले. “मिस्त्री, सत्तावीस वर्सं झाली तुम्हाला. म्हणून पोलीस बोलवत नाही. उद्यापासून येऊ नका.”

मिस्त्री डबा घ्यायलाही थांबले नाहीत. मला तेव्हा फार बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. लढाई जिंकल्यावर वाटावं तसं वाटलं.

आमची लढाई जुनीच होती. मी पद्मजा कुंभोजे, कंप्युटरचा डिप्लोमा करून शिरोलीच्या त्या फौंड्रीत लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. मुलाखतीला आप्पासाहेबांच्या शेजारी जंगम मिस्त्री बसले होते. त्यांनी माझी प्रमाणपत्रं पाहिलीसुद्धा नाहीत. “पोरीला फौंड्रीत कशाला? धुरात काळी हुईल,” असं मालकांकडं बघून म्हणाले. मी तिथल्या तिथं म्हणाले, “तुम्ही इतक्या वर्षांत किती गोरे राहिलात?” आप्पासाहेब हसले आणि मला नोकरी लागली. मिस्त्री हसले नाहीत, ते कायमचे.

मिस्त्री मूळचे लाकडी पॅटर्न करणारे. ओतकामाआधी वाळूत साचा उठवायला लाकडाचा नमुना लागतो, तो म्हणजे पॅटर्न. त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. चाळिशीनंतर ते कंप्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकले आणि तेही चांगलं शिकले. पण सिस्टिम बघायची मी, आणि त्यांना माझा कुठलाच नियम मान्य नव्हता. एकदा मी मुद्दाम त्यांचं मशीन बंद करून ठेवलं. अर्धा दिवस. ते निमूट पॅटर्न शॉपात गेले आणि ड्रॉइंगशिवाय, नुसत्या अंदाजानं पॅटर्न कापून आणला. कास्टिंग बिनचूक उतरलं. चहाच्या सुट्टीत सगळे माझ्याकडं बघून हसले. तो राग मी मनात जपून ठेवला.

मग त्या वर्षी फौंड्रीत पेन ड्राइव्हवर बंदी आली. कंपनीचे दोनच, तेही माझ्या कपाटात. बंदी पाळली जाते की नाही हे बघायला मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. कुठल्याही मशीनला काहीही लावलं की त्याची नोंद गुपचूप माझ्याकडं यायची: तारीख, वेळ, मशीन, कुणाच्या नावानं चालू आहे ते, आणि पेन ड्राइव्हचा नंबर. गाडीला इंजिन नंबर असतो तसा प्रत्येक पेन ड्राइव्हला आतून एक नंबर असतो. या प्रोग्रॅमचं मला भारी कौतुक होतं. मिस्त्रींना कळलं तेव्हा ते मला ‘वॉचमनीण’ म्हणायला लागले. “उठा, वॉचमनीण आल्या,” असं मी ड्रॉइंग रूममध्ये शिरले की म्हणायचे.

दिवाळीच्या तोंडावर आमच्या पंप बॉडीचा हुबेहूब नमुना दुसऱ्या एका फौंड्रीत ओतला जातोय, अशी बातमी आली. ड्रॉइंग कुठून गेलं? आप्पासाहेबांनी मला विचारलं. मी दोन महिन्यांच्या नोंदी काढल्या. परक्या पेन ड्राइव्हची नोंद एकच होती, आणि ती जंगमांच्या नावावर. मी ती चारदा वाचली. चारही वेळा आनंद झाला.

पुढचं वर सांगितलंच.

त्यानंतर आठव्या दिवशी मी मिस्त्रींचं मशीन नव्या माणसासाठी साफ करायला बसले. त्यांच्या फाइली बाजूला काढताना एका कोपऱ्यात एक फाइल दिसली. नाव, देवीची आरती. मी ती पुसणार तेवढ्यात शेजारची वेळ दिसली. तारीख खंडेनवमीची. वेळ नऊ एक्कावन्न.

माउसवरून मी हात काढला.

त्या सकाळी फौंड्रीत बहुतेक माणसं यायची होती. मी फुलं घेऊन लवकर आले होते. आप्पासाहेबांच्या मंडळी, म्हणजे वहिनीसाहेब, गाडीतून उतरल्या. त्यांना माहेरी जयसिंगपूरला पूजेला जायचं होतं. हातात पेन ड्राइव्ह होता. “पोरी, दरवर्षी आरती कुणालाच धड येत नाही. एवढी घाल कुठल्यातरी मशीनवर आणि माझं मला परत दे,” म्हणाल्या. स्पीकर फक्त मिस्त्रींच्या मशीनला होते. जेवणाच्या सुट्टीत कानडी भजनं ऐकायला त्यांनी स्वतःच्या खर्चानं आणलेले. मी वही उघडली, त्यांचा पासवर्ड घातला, पेन ड्राइव्ह लावला, आरती उतरवून घेतली, वहिनीसाहेबांशी फुलांच्या भावाबद्दल दोन शब्द बोलले, काढला आणि गाडीच्या काचेतून परत दिला. अकरा वाजता मिस्त्री सोडून सगळे त्या मशीनसमोर हात जोडून उभे राहिले. कापूर मी लावला होता.

नोंद वाचताना हे मला आठवलं नाही. लोक म्हणतात, हे कसं शक्य आहे? मला विचाराल तर शक्य आहे. पेन ड्राइव्ह लावणं हा गुन्हा होता, आणि गुन्हा करायचा तो इतरांनी. मी तर नियम करणारी. मी देवाचं काम केलं होतं, ते माझ्या हिशेबी पेन ड्राइव्ह लावणं नव्हतंच. आणि मिस्त्री अडकावेत असं मला इतकं वाटत होतं, की दुसरं काही आठवायला डोक्यात जागाच नव्हती.

माझ्या प्रोग्रॅमनं काम चोख केलं होतं. कधी लावला, कधी काढला, सगळं बरोबर. लावणारा हात कुणाचा, एवढं मात्र त्याला कळत नव्हतं. ते कागदावर नव्हतंच. मीच ते तिथं असल्यासारखं वाचून दाखवलं होतं.

मी आप्पासाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“पेन ड्राइव्ह आमच्या हिचा?”

“हो.”

“बरं झालं आधी मला सांगितलंस.” त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं. “ड्रॉइंगचं मला चार दिवसांमागंच कळलंय. गिऱ्हाइकानंच तीन फौंड्र्यांना दिलं होतं. रेट पाडून घ्यायला.”

“म्हणजे चोरी झालीच नाही?”

“न्हाई.”

“मग मिस्त्रींना बोलवा ना.”

“पद्मजा, दोन्ही पाळ्यांसमोर काढलेला माणूस परत घेतला तर उद्या मला कोण विचारील? ती फाइल पुसून टाक.”

“फाइल पुसली तरी...”

“पुसून टाक म्हणालो न्हवं?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “ड्रॉइंग रूम आता तूच सांभाळ. नवा माणूस तुझ्या हाताखाली.”

ड्रॉइंग रूम मला दोन वर्षांपासून हवी होती. मी फाइल पुसली नाही, पण बोललेही नाही. तीन दिवस मिस्त्रींच्या खुर्चीत बसून काम केलं. खुर्ची चांगली होती, हेही सांगते.

चौथ्या दिवशी स्टोअरचे पाटील हसत हसत आले. “कळलं का? जंगम गोकुळ शिरगावला गेलता कामाला. गेटवरच वॉचमननं इचारलं, पेन ड्राइव्हवाले मिस्त्री तुम्हीच काय? आतच सोडलं न्हाई.”

फौंड्रीवाल्यांची दुनिया लहान. शिरोलीत शिंकलं की गोकुळ शिरगावला ऐकू जातं. ड्रॉइंग विकणारा म्हणून नाव झालेल्या माणसाला त्या दुनियेत बसायला कुणी स्टूलही देत नाही, आणि मिस्त्रींना त्रेपन्नाव्या वर्षी दुसरं काही येत नव्हतं. पाटील हसत होते. ते हसू मी शेडमध्ये सुरू करून दिलेलंच होतं. 

सुट्टी टाकून मी हेर्ल्याला गेले. मिस्त्रींचं घर विचारावं लागलं नाही, बाहेरूनच रंध्याचा आवाज येत होता. ते सोप्यात बसून कुणासाठी तरी पांगुळगाडा करत होते. मला बघून हात थांबला नाही.

“मिस्त्री, पेन ड्राइव्ह मी लावला होता.”

लाकडाची सालपटं पडत राहिली. मी वहिनीसाहेब, आरती, वही, सगळं सांगितलं. आप्पासाहेब काय म्हणाले तेही सांगितलं. आतून त्यांच्या मंडळी तांब्या घेऊन आल्या.

“पानी दिऊ नको,” मिस्त्री म्हणाले. “बसायला आलेली न्हाई ती.”

त्या दारातच थांबल्या.

“माझं चुकलं,” मी म्हणाले. “तुमच्या पाया पडते.”

“झालं?”

“हो.”

तेव्हा त्यांनी रंधा खाली ठेवला. “हे मला कशाला सांगालीस? मी लावला न्हवता, हे मला म्हाईतच हाय की. ज्यास्नी म्हाईत न्हाई त्यास्नी सांग.”

“आप्पासाहेब काढून टाकतील मला.”

“मला काढलं तवा तू काय म्हनलीस?”

काही म्हणाले नव्हते. मी परत फिरले. रंध्याचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. मला त्यांचा राग आला, अगदी त्या दिवशीही आला. एवढं कबूल केलं, आणि माणूस पाणीसुद्धा देईना! वडगावच्या फाट्यापर्यंत मी तणतणतच चालले. मग वाटलं, मी तरी काय घेऊन गेले होते त्यांच्याकडं? त्यांचंच नाव होतं ते, आणि तेही चारचौघांत न सांगता अर्धंच परत दिलेलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या चहाला मी मोल्डिंगच्या शेडमध्ये गेले. माणसं कपबश्या घेऊन वाळूच्या ढिगांवर बसली होती. 

“जरा ऐका,” मी म्हणाले. “खंडेनवमीला जंगम मिस्त्रींच्या मशीनला पेन ड्राइव्ह मी लावला होता. आरती घालायला. त्यांच्या नावानं मशीन मीच चालू केलं होतं. त्यांनी हात लावला नव्हता. ड्रॉइंग चोरीला गेलंच नाही. मी खोटं बोलले.”

 मग एका भट्टीवाल्यानं बशी खाली ठेवली. “म्हंजे आमी ज्या आरतीला टाळ्या वाजवल्या, त्येच्यापायी मिस्त्री गेलं?”

“हो.”

“आनि तू हसलीस?”

“हो.”

तो माझ्या पायाजवळ थुंकला. पाटील म्हणाले, “आता सांगून काय उपेग? शहाणी!” मागं आप्पासाहेब येऊन उभे राहिले होते, ते मला कळलं नव्हतं. ते ओरडले नाहीत. “कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेव आणि जा,” एवढंच म्हणाले. सामान घेऊन बाहेर पडताना गेटवरच्या माणसानं माझी पर्स उपडी करून बघितली. आत पेन ड्राइव्ह आहे का ते.

दिवस मावळायला हेर्ल्याला पोचले. मला वाटत होतं, आता तरी ते मला बसायला सांगतील.

“सांगितलं,” मी दारातूनच म्हणाले.

“कुणाला?”

“सगळ्यांना. दहाच्या चहाला, शेडमध्ये. नोकरी गेली माझी.”

नोकरीचं त्यांनी ऐकलंच नाही. “दुसरी पाळी हुती तिथं?”

“सकाळी कशी असेल?”

“त्या दिवशी हुती.”

मी पर्स उंबऱ्याशी ठेवली.

“तूच दोनी पाळ्या गोळा हुईस्तवर थांबली हुतीस,” ते म्हणाले. “एकोनीस मानसं राहिली.”

“मला आता गेटच्या आत सोडणार नाहीत, मिस्त्री.”

“त्यास्नी घरं हायेत.”

मी पर्समधून वही आणि पेन काढलं. त्यांनी उभ्या उभ्या नावं सांगायला सुरुवात केली. नाव, गाव, गल्ली. कुठं अडखळले नाहीत. नागावचा विष्णू भोरे. टोपचा दगडू गुरव. मी लिहीत होते आणि माझ्या लक्षात येत होतं की गेले बारा दिवस हा माणूस रोज ही नावं मनात म्हणत असणार. कोण हसलं, कोण नुसतं बघत राहिलं, हेही त्यांना माहीत होतं, पण ते त्यांनी सांगितलं नाही.

“वाच.”

मी वाचलं.

“कांबळ्या मौजे वडगावचा. पेठ वडगावचा न्हवं.”

मी दुरुस्त केलं. त्यांनी दार लावून घेतलं.

भावाची स्कूटी घेऊन महिनाभर मी त्या गावांतून हिंडले. प्रत्येक दारात तेच वाक्य म्हणायचं होतं आणि ते ‘मी’पासून सुरू होत होतं. कुणी चहा दिला. कुणी म्हणालं, आम्हाला काय त्याचं. टोपला गुरवाच्या म्हातारीनं मला दारातून शिव्या दिल्या, त्या ऐकून घेतल्या. सतरा घरं झाली. दुसऱ्या पाळीतले दोघे तोवर काम सोडून गेले होते, कुणी म्हणे चाकणला, कुणी म्हणे गुजरातला. पत्ता लागला नाही. तेवढं मी भोरेकडून मिस्त्रींना कळवलं.

मिस्त्रींना पुढं मार्चमध्ये गोकुळ शिरगावलाच काम मिळालं, त्याच फौंड्रीत, जिच्या गेटवरून परत फिरले होते. हे मला भोरेनं सांगितलं. मी कोल्हापूर सोडलं, पुण्याला आले, दुसरी कामं केली. पेन ड्राइव्ह पकडायचं काम परत कधी घेतलं नाही.

याला आता सोळा वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात हातकणंगल्याला एका लग्नात जेवणाच्या पंगतीत मिस्त्री दिसले. केस सगळे पांढरे. मी जवळ जाऊन नमस्कार केला. त्यांनी ओळखलं. कशी आहेस, काय करतेस, काही विचारलं नाही.

“ते दोघं?” त्यांनी विचारलं.

“नाही सापडले.”

त्यांनी पानावरचा भात कालवायला घेतला.

म्हणून हे लिहिलं. म्हाळू डवरी, राहणार मिणचे. अस्लम शिकलगार, राहणार रुकडी, स्टेशनजवळ. तुम्ही कुठं असाल मला माहीत नाही. त्या दिवशी तीनच्या भोंग्याला तुम्ही शेडमध्ये होता, मी वाचलेला कागद तुम्ही ऐकला. पेन ड्राइव्ह मी लावला होता. जंगम मिस्त्रींनी नाही.